अळी, फुलपाखरू आणि मराठी सौंदर्यदृष्टी

१

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ‘ब्लू मॉरमॉन’ या फुलपाखराला राज्यफुलपाखराचा मान दिला. असा मान फुलपाखराला देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिलेच राज्य ठरले. काळ्याभोर मखमली पंखांवर फिकट निळी झाक असलेल्या या फुलपाखराचे ‘नीलवंत’ असे मराठी नामकरणही झाले. त्याचे स्वागत सर्वत्र आनंदाने झाले आणि ते योग्यच होते. मात्र या स्वागतात एका गोष्टीचा उल्लेख फारसा झाला नाही. नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खाऊन वाढते. रानात ती माकडलिंबावर आढळते, तर परसबागेत पपनशीवर आणि लिंबावर. तिच्या अगदी जवळच्या नात्यातील लिंबावरील फुलपाखराची अळी ही तर संत्रा-मोसंबीच्या रोपवाटिकांतील नावाजलेली कीड आहे. कृषी-मार्गदर्शनाच्या पुस्तिकांत तिचा उल्लेख ‘पाने खाणारी अळी’ असा होतो आणि त्यापुढे फवारणीचे प्रमाण दिलेले असते.

म्हणजे एकाच कुळातील जीव पंख फुटल्यावर राज्याचे भूषण ठरतो आणि पंख फुटण्यापूर्वी उपद्रव ठरतो. ही विसंगती शासनाची नाही. ती भाषेत आधीपासूनच आहे. ‘फुलपाखरू’ हा शब्दच या जीवाला फुलाशी बांधून टाकतो. त्याचे पानाशी असलेले नाते, जे त्याच्या वाढीचा पाया आहे, ते या शब्दात कोठेही नाही. त्या नात्यासाठी मराठीत ‘अळी’ हा वेगळा, आणि कानाला किळस आणणारा, शब्द आहे. एकाच जीवाच्या आयुष्याचे भाषेने असे दोन तुकडे केले आहेत. एक तुकडा कवितेच्या वाट्याला गेला आणि दुसरा कीटकनाशकाच्या.

कीड म्हणून हेटाळल्या गेलेल्या जीवांत सौंदर्य पाहता येते काय, आणि येत असेल तर मराठी साहित्यव्यवहाराने ते कितपत पाहिले, हा प्रश्न म्हणूनच केवळ निसर्गप्रेमींचा नाही. सौंदर्य म्हणजे काय, ते कोणाला दिसते, आणि ते पाहण्यासाठी पाहणाऱ्याला कोठे उभे राहावे लागते, असे साहित्यविचारातील जुनेच प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

२

प्रथम ‘कीड’ या संकल्पनेचा विचार केला पाहिजे. प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात ‘कीड’ नावाचा कोणताही गट नाही. भुंगेरे, पतंग, माश्या, टोळ असे गट आहेत. गोगलगाईंसारखे मृदुकाय प्राणी आहेत. कोळी आणि वाणी यांचे गट तर कीटकांहून अगदी निराळे आहेत. ‘कीड’ हा शब्द या सर्वांना लावता येतो, कारण तो जीवाचे वर्णन करीत नाही. माणसाच्या पिकाशी, धान्याशी, लाकडाशी किंवा कपड्याशी त्या जीवाचा जो संबंध येतो त्याचे वर्णन तो करतो. ज्ञात कीटकजातींची संख्या सुमारे दहा लाख मानली जाते आणि त्यांपैकी पिकांचे लक्षणीय नुकसान करणाऱ्या जातींचे प्रमाण अगदीच अल्प आहे. तरीही सामान्य व्यवहारात ‘किडा’ म्हटल्याबरोबर चप्पल शोधली जाते. संबंधवाचक शब्द स्वरूपवाचक होऊन बसला आहे.

या शब्दाचा आलंकारिक विस्तारही लक्षात घ्यावा लागतो. ‘समाजाला लागलेली कीड’, ‘भ्रष्टाचाराची वाळवी’, ‘किड्यामुंगीसारखे मरण’ ही मराठी वृत्तपत्रांची आणि व्यासपीठांची नित्याची भाषा आहे. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ या म्हणीत एका निरुपद्रवी दिसणाऱ्या प्राण्यावर कपटाचा आरोप आहे. वस्तुतः गोगलगाईचा पाय तिच्या पोटाशी असतो ही शरीररचनेची साधी गोष्ट आहे. देवघरातील शंख हे सागरी गोगलगाईच्याच वर्गातील प्राण्याचे कवच होय, हे मात्र पूजा करताना कोणाच्या मनात येत नाही. कवच रिकामे झाले की ते मंगल ठरते आणि त्यात जीव असला की अमंगल, असा हा विचित्र न्याय आहे.

याच्या उलट एक उदाहरणही मराठी लोकभाषेत आहे. मृग नक्षत्राच्या पहिल्या पावसानंतर ओल्या मातीतून लाल मखमलीच्या ठिपक्यांसारखे जे जीव वर येतात, त्यांना ‘मृगाचा किडा’ असे नाव आहे. त्याला आठ पाय असतात, म्हणून तो शास्त्रदृष्ट्या कीटक नाही, गोचिडाच्या नात्यातला आहे. पण लोकांनी त्याला नक्षत्राचे नाव दिले. संस्कृत काव्यात हाच ‘इंद्रगोप’ होय. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडातील वर्षावर्णनात आणि कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’त हिरव्या गवतातील इंद्रगोपांनी भूमी सजल्याचे वर्णन आहे. गोचिडाच्या भाईबंदाला अलंकाराचा दर्जा देण्यास प्राचीन कवीला संकोच वाटला नाही आणि मराठी शेतकऱ्यालाही वाटला नाही. ‘किडा’ या शब्दात किळस असलीच पाहिजे असे भाषेचे बंधन नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

३

मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळाकडे वळल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ‘ज्ञानेश्वरी’च्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला ग्रासणाऱ्या स्नेहाचे वर्णन करताना ज्ञानदेवांनी भ्रमराचा दृष्टान्त योजला आहे. कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कमळकळीत मात्र अडकून पडतो. प्राण गेला तरी ती पाकळी चिरत नाही. या दृष्टान्ताचे सौंदर्य शतकानुशतके वाखाणले गेले आहे. परंतु अध्यापनात बहुधा कमळाच्या बाजूवर भर दिला जातो आणि लाकडाची बाजू एका वाक्यात उरकली जाते. खरे तर दृष्टान्ताचे सर्व बळ लाकडाच्या बाजूवर उभे आहे. घराच्या वाशाला, आढ्याला बोटभर गोल भोके पाडणारा काळा भुंगा ज्याने पाहिला आहे, त्या भोकाखाली पडलेला लाकडाचा भुसा ज्याने झाडून काढला आहे, त्यालाच त्या जबड्याची ताकद कळते आणि मग त्याचे कळीतील थांबणे हृदयाला भिडते. ज्ञानदेवांचा भ्रमर हा संस्कृत काव्यातला केवळ मधुलोभी रसिक नाही. तो घर पोखरणाराही आहे. उपद्रव आणि कोमलता या दोन गोष्टी एकाच जीवात एकत्र पाहण्याचे धैर्य या दृष्टान्तात आहे. उपद्रव वगळला तर कोमलतेचाही अर्थ उरत नाही.

एकनाथांच्या भागवतात ही दृष्टी आणखी व्यापक होते. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील ही टीका १५७३ साली वाराणसीत पूर्ण झाली. मूळ स्कंधात अवधूत यदूला आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. त्यांत पृथ्वी, समुद्र, चंद्र, सूर्य यांच्या पंक्तीला पतंग, मधमाशी, कोळी आणि कुंभारमाशी बसलेले आहेत. माणसाने ज्यांना झटकून टाकावे त्यांच्याकडून ज्ञान घ्यावे, ही कल्पनाच आजच्या वाचकाला थांबवणारी आहे. त्यातील कोळ्याचा दृष्टान्त विशेष लक्षणीय आहे. आपल्याच देहातून धागा काढून जाळे पसरणारा आणि पुन्हा ते गिळून टाकणारा कोळी हे विश्वाची उत्पत्ती आणि लय करणाऱ्या ईश्वराचे रूपक होय. येथे निरीक्षण अचूक आहे. चक्राकार जाळे विणणाऱ्या अनेक जातींचे कोळी जुने जाळे खरोखरच खाऊन टाकतात आणि त्याच द्रव्याचा उपयोग नव्या धाग्यासाठी करतात. केरसुणीने जळमट काढणाऱ्या हाताला हे कधीच दिसणार नाही. ते पाहण्यासाठी कोणीतरी पहाटेपर्यंत जाळ्यासमोर बसलेले असले पाहिजे.

कुंभारमाशीचा दृष्टान्त मात्र वेगळ्या कारणाने उद्बोधक आहे. ही माशी मातीचे लहान घरटे करून त्यात अळी आणून ठेवते. काही दिवसांनी त्यातून अळीऐवजी माशी बाहेर पडते. माशीच्या भयाने तिचेच सतत चिंतन केल्यामुळे अळी माशी झाली, असा निष्कर्ष परंपरेने काढला आणि ध्यानाने जीव शिव होतो या सिद्धान्तासाठी तो वापरला. आज माहीत असलेली वस्तुस्थिती निराळी आहे. माशी अळीला डंख मारून लुळी करते, ठार मारीत नाही. बंद घरट्यात आपले अंडे घालते. त्या अंड्यातून निघालेली पिल्ले ताज्या राहिलेल्या अळीवर वाढतात. संतकवींना दिसलेले दृश्य खरे होते, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा होता. पण म्हणून दृष्टान्त बाद होतो काय? वाङ्मयीन दृष्टीने तो बाद होत नाही. उलट तो अधिक कठोर आणि गुंतागुंतीचा होतो. ज्याचे चिंतन करावे तोच आपल्याला आतून खाऊन टाकतो, आणि जे उरते ते त्याचेच रूप असते, हा अर्थ अनेक अभंगांतील भक्तीच्या अनुभवाला परकाही नाही. संतसाहित्याच्या अभ्यासकाने कीटकशास्त्र वाचल्याने संतांची प्रतिष्ठा कमी होत नाही. त्यांची दृष्टी किती जवळून पाहत होती आणि कोठे थांबली, हे त्यामुळे कळते.

४

आधुनिक मराठी कवितेत हा जवळचा दृष्टिक्षेप पुष्कळ अंशी हरवला. इंग्रजी स्वच्छंदतावादी कवितेच्या परिचयानंतर निसर्ग हा मराठी कवितेचा स्वतंत्र विषय झाला, हा मोठाच लाभ होता. तथापि या निसर्गाची बाग झाली. तीत फुले, झरे, पाखरे, चांदणे यांना मुक्तद्वार मिळाले आणि फुलपाखरालाही मिळाले. अळीला मात्र मिळाले नाही. बालकवींसारख्या समर्थ कवीच्या बाबतीत हा आक्षेप घेणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांच्या निसर्गात उदासीचा स्वर आहे आणि बाग त्यांना अपुरी पडते. पण त्यांच्या मागून आलेल्या शेकडो पाठ्यपुस्तकी कवितांनी फुलपाखराचे जे गोंडस रूप रूढ केले, ते पानावरच्या भोकाचा विचार न करताच.

मर्ढेकरांनी ही बाग मोडली. ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहातील पिंपातल्या उंदरांनी मराठी वाचकाला दिलेला धक्का सर्वपरिचित आहे. त्यांच्या कवितेतील मुंग्यांची गर्दीही तितकीच परिचित आहे. किळसवाणे म्हणून बाहेर ठेवलेले प्राणी या कवितेने मध्यभागी आणले. परंतु तेथेही उंदीर उंदीर म्हणून आलेला नाही. यंत्रयुगातील माणसाच्या हतबल मरणाचा वाहक म्हणून तो आला आहे. काफ्काच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रूपांतर’ या कथेतील ग्रेगोर सॅम्साचेही असेच आहे. कीटक होणे म्हणजे माणूसपण गमावणे, हे समीकरण त्या कथेच्या तळाशी गृहीत आहे. नवकवितेने किडीला प्रवेश दिला, पण तिच्याविषयीची किळस तशीच ठेवून, किंबहुना त्या किळशीचाच उपयोग करून.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ज्या मर्ढेकरांनी कवितेत किळशीचा असा उपयोग केला, त्यांच्याच ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातील सौंदर्यविचार किडीकडे निर्मळ दृष्टीने पाहण्याचा मार्ग मोकळा करतो. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्य अवलंबून असते, विषयाच्या प्रतिष्ठेवर नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन लिंबावरच्या अळीला लावून पाहावे. फुलपाखराची मादी कोवळ्या पानावर फिकट पिवळे, मोहरीहून लहान असे गोल अंडे एकेक करून घालते. त्यातून निघालेली अळी काळपट तपकिरी असते आणि तिच्या अंगावर पांढरट डाग असतात; पाहणाऱ्याला ती पक्ष्याची विष्ठाच वाटते. पक्ष्याने खाऊ नये म्हणून पक्ष्याच्याच घाणीचे सोंग घेणारा हा जीव पुढे कात टाकत टाकत पानासारखा हिरवागार होतो, त्याच्या अंगावर तिरपे पट्टे उमटतात. त्याला डिवचले की डोक्यामागून तांबूस रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. शेवटी फांदीला शेपटीकडून चिकटून, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घालून तो स्वतःला टांगून घेतो; कोश आजूबाजूच्या रंगानुसार हिरवा किंवा तपकिरी होतो. रंग, आकार आणि हालचाल यांतील संवाद व विरोध शोधणाऱ्याला याहून समृद्ध उदाहरण परसदारी क्वचितच मिळेल. भरताच्या परंपरेत जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायीभाव मानला आहे. विष्ठेचे रूप घेतलेली ही अळी जुगुप्सेचा विषय आहे खरी, पण तिचे सोंग कळताच जुगुप्सेचे विस्मयात रूपांतर होते. बीभत्साकडून अद्भुताकडे होणारा हा प्रवास ज्ञानामुळे घडतो. सौंदर्यानुभवात ज्ञानाला स्थान नाही असे मानणाऱ्यांना त्याचा विचार करावा लागेल.

५

मराठी मुलखातच लिहिल्या गेलेल्या एका इंग्रजी ललितगद्याची या संदर्भात आठवण ठेवली पाहिजे. १८५१ साली साताऱ्यास जन्मलेले आणि मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरी केलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात बंगल्यातील उंदीर, डास, पाली, मुंग्या यांना ‘सरहद्दीवरील टोळ्या’ म्हटले आहे. विनोद उत्तम साधला आहे आणि निरीक्षण बारीक आहे. परंतु साम्राज्याच्या अधिकाऱ्याला आपल्या बंगल्यातील जीव टोळ्यांसारखे दिसावेत, यात त्या काळाचे राजकारणही आहे. एटकिन यांनी पुढे सहकाऱ्यांसमवेत उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांचा अभ्यास केला आणि त्यांच्या अळ्या कोणत्या झाडांवर वाढतात याच्या नोंदी केल्या. अळीपासून फुलपाखरापर्यंतचे सलग आयुष्य पाहणारी ही दृष्टी जर्मन चित्रकर्ती मारिया सिबिला मेरियन यांच्या १७०५ सालच्या सुरिनामविषयक ग्रंथात दिसते. त्यांनी अळी, कोश, फुलपाखरू आणि त्यांचे खाद्यझाड एकाच चित्रात रंगवले. भाषेने केलेले दोन तुकडे चित्राने पुन्हा जोडले.

मराठी ललितगद्याला अशी परंपरा नव्हती असे म्हणता येणार नाही. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने (१९५६) महिन्यामहिन्याने बदलणारी सृष्टी पाहण्याची सवय मराठी वाचकाला लावली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतरा’त (१९८२) शेतकऱ्याच्या लेखी उपद्रवी असलेल्या वानरांच्या टोळ्यांचे जीवन त्यांच्याच पातळीवरून पाहिले आहे, तेथे माणसाचा निवाडा जवळजवळ अनुपस्थित आहे. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूचे मूळ ज्या जपानी परंपरेत आहे, त्या परंपरेतील इस्सा (१७६३–१८२८) या कवीने माशी, पिसू, गोगलगाय यांच्यावर ममतेने लिहिले आहे. म्हणजे साधने उपलब्ध होती आणि आहेत. उणीव आहे ती समीक्षेच्या बाजूने. ललितगद्यातील निसर्गाची चर्चा ‘शैली’ आणि ‘संवेदनशीलता’ या दोन शब्दांत आटोपण्याची सवय समीक्षेला लागली. त्या निसर्गात कोणाला प्रवेश आहे आणि कोणाला नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. किडीत सौंदर्य पाहणे हा पोट भरलेल्या माणसाचा छंद आहे, असा तो आक्षेप आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव या भागांत गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. शेतकरी रात्री बॅटरीच्या उजेडात त्या वेचीत होते आणि अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. त्या शेतकऱ्याला शंखाच्या वेटोळ्यातील भूमितीचे सौंदर्य सांगणे हा क्रूर विनोद ठरेल. कांटने १७९० मध्ये सौंदर्यनिर्णयाचे जे निर्हेतुक स्वरूप मांडले आणि ज्याची साक्षेपी चर्चा रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) केली, ती निर्हेतुकता सर्वांना सारखी परवडत नाही. परसबागेच्या मालकाचे चार लिंबे गेले तर बिघडत नाही; शेतकऱ्याचे पीक गेले तर वर्ष जाते. सौंदर्यासाठी लागणारे अंतर हे पुष्कळदा आर्थिक अंतर असते.

हा आक्षेप मान्य करावा लागतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष तपासावा लागतो. शेतकऱ्याला किडीचे रूप दिसत नाही, हे गृहीतक चुकीचे आहे. कोणती अळी पानाच्या कडेने खाते आणि कोणती मधून भोक पाडते, कोणती रात्री बाहेर येते, कोणत्या पाखराला ती आवडते, हे त्याला शहरी रसिकापेक्षा अधिक माहीत असते. कृषिविस्ताराच्या भाषेतील ‘मित्रकीटक’ आणि ‘शत्रुकीटक’ हे शब्द उपयुक्ततेवर आधारलेले असले तरी त्यांनी एक मोठे काम केले आहे: सर्व किडे एकच, हा समज मोडला आहे. जो मावा खाणारे ढालकिडे ओळखतो तो सरसकट फवारणी करण्यापूर्वी थांबतो. पाहणे आणि थांबणे यांचा हा संबंध केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या शोकांतिकेची कारणे अनेक आहेत, आणि वाङ्मयाने ती दूर होणार नाहीत. परंतु दिसेल त्या किड्याला मारलेच पाहिजे, आणि तेही अधिकाधिक जालीम औषधाने, ही मनोवृत्ती त्या कारणांच्या बाहेर नाही. किडीवर रोखलेले विष माणसाच्या छातीतून गेले, ही गोष्ट रूपकाची नाही.

दुसरी बाजू माणसांना किडीचे नाव देण्याची आहे. १९९४ साली रुवांडात तुत्सी लोकांना आकाशवाणीवरून झुरळे म्हणून हिणवले गेले आणि त्यानंतर जे घडले ते विसाव्या शतकातील भीषण हत्याकांडांपैकी एक होते. मराठी समाजाने याकडे दूरची गोष्ट म्हणून पाहू नये. ज्या समाजात माणसांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, तेथे घाण, कीड, वळवळ हे शब्द कधीच निर्दोष नव्हते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’नंतर (१९७२) गटार आणि उकिरडा यांचा उल्लेख निव्वळ अलंकार म्हणून करणे मराठी कवीला अवघड झाले, कारण त्या जागी माणसे राहतात हे त्या कवितेने दाखवले. त्याच न्यायाने ‘कीड’ हा शब्दही अलंकार म्हणून वापरण्यापूर्वी विचार करावा लागेल. एखाद्या जीवाला किळशीचे नाव दिले की त्याला मारणे सोपे होते. ते नाव उचलून माणसाला लावणे हे त्यापुढचे एकच पाऊल आहे. किडीकडे नीट पाहण्याचा आग्रह हा म्हणूनच भाषेच्या शुद्धीचाही आग्रह आहे.

७

या साऱ्याचा साहित्याच्या अध्यापनाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध पुष्कळ आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्या कोशाने बोलीभाषांतील प्राण्यांची, वनस्पतींची, व्यवसायांची नावे आस्थेने टिपली. त्यानंतर खेड्याखेड्यांतील किडामुंगीची नावे गोळा करण्याचे काम भाषा-साहित्याच्या विभागांनी फारसे मनावर घेतले नाही. सुरवंटाला, वाणीला, नाकतोड्याला, हुमणीला कोकणात, देशावर, खानदेशात आणि विदर्भात कोणकोणती नावे आहेत, आणि त्या नावांत कोणती उपमा, कोणती भीती किंवा कोणते कौतुक दडले आहे, हा पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होऊ शकतो. शेती बदलते आहे, बोली आटत आहेत. ही नावे सांगणारी पिढीही कायम राहणार नाही. जीव नाहीसा होण्यापूर्वी बहुधा त्याचे नाव नाहीसे होते, आणि ज्याला नाव नाही त्याच्या जाण्याची नोंदही होत नाही.

अध्यापनाच्या पद्धतीतही एक साधा बदल शक्य आहे. ज्ञानदेवांच्या भ्रमराचा दृष्टान्त शिकवताना विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीचे पोखरलेले वासे दाखवता येतात. एकनाथांचा कोळी शिकवण्यासाठी पहाटेचे दव पुरते. ज्या महाविद्यालयाच्या आवारात कढीलिंबाचे एखादे झाड आहे, तेथे पावसाळ्यात लिंबावरच्या फुलपाखराचे संपूर्ण आयुष्य काही आठवड्यांत डोळ्यांसमोर घडते. त्यासाठी माळ्याला मात्र एकदा सांगून ठेवावे लागेल की त्या झाडावर औषध मारू नये. पाने कुरतडली जातील, काही फांद्या ओक्याबोक्या दिसतील; कढीलिंबाला पुन्हा पालवी फुटते. फुलपाखरावरची कविता त्या झाडाखाली उभे राहून वाचली तर तिच्यात काय आहे आणि तिने काय वगळले आहे, हे दोन्ही विद्यार्थ्याला एकाच वेळी दिसेल.